पॅरिसमधले रविवार : अझहरच्या एका इमामाची सफर

आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत असं घर शोधूनच काढावं लागेल, ज्या घरातलं कुणी कधी बाहेर कामाला गेलं नाही. कुणी कुवेतला, कुणी दम्मामला, कुणी दुबईला. सहा दिवस काम, एक दिवस सुट्टी. त्या एका दिवसात कपडे धुवायचे, झोप भरून काढायची, घरी फोन करायचा आणि वेळ उरलाच तर शहर बघायचं. वीस-वीस वर्षं एका शहरात काढून परत आलेल्या माणसाला ते शहर कसं होतं असं विचारलं, तर पुष्कळदा कंपनीचा कॅम्प, जवळची मशीद आणि विमानतळ एवढंच सांगता येतं. यात त्याचा दोष नाही. थकलेला माणूस पाठ टेकणारच.

पण जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एक तरुण आलिम असाच परक्या मुलखात कामावर गेला होता. त्यालाही आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळायचा, तोही दरवानाला परवान्याची चिठ्ठी दाखवल्यावर. त्या मोकळ्या वेळातून त्याने जे जमवलं, त्याने पुढे एका अख्ख्या देशाची शाळा बदलली. त्याचं नाव रिफाआ राफे अल-तहतावी. अरब जगात हे नाव शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून आम्ही आज त्यांची ओळख करून देत आहोत.

तहताचा मुलगा

रिफाआ यांचा जन्म १८०१ चा, दक्षिण इजिप्तमधल्या तहता या गावचा. गावावरूनच त्यांना तहतावी म्हणतात. योगायोग असा की नेपोलियनबरोबर इजिप्तवर चालून आलेलं फ्रेंच सैन्य त्याच वर्षी देश सोडून गेलं. घराणं सय्यदांचं, इल्मवाल्यांचं. पण त्यांच्या लहानपणीच घरची परिस्थिती खालावली. इजिप्तचा नवा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा याने जुन्या घराण्यांचे जमिनीवरचे हक्क काढून घेतले, त्यात त्यांच्या वडिलांचंही उत्पन्न गेलं. वडील लवकर वारले. आईकडच्या मंडळींमध्ये आलिम होते, त्यांनी मुलाला शिकवलं. १८१७ साली सोळा वर्षांचा रिफाआ कैरोला आला आणि अल-अझहरमध्ये दाखल झाला.

अझहरमध्ये त्यांना एक उस्ताद भेटले, शेख हसन अल-अत्तार. हे उस्ताद जरा वेगळे होते. फ्रेंच कैरोत असताना त्यांच्याबरोबर आलेल्या विद्वानांना ते जाऊन भेटले होते, त्यांची उपकरणं आणि पुस्तकं त्यांनी पाहिली होती. पुढे ते स्वतः दूरदूरचे देश फिरून आले. मुसलमानांनी भूगोल, इतिहास, वैद्यक हे इल्म सोडून दिले याची त्यांना खंत होती. ती खंत शिष्याच्या मनात उतरली.

शिक्षण झाल्यावर रिफाआ यांनी अझहरमध्येच दोनेक वर्षं शिकवलं. मग १८२४ साली पाशाच्या नव्या फौजेत इमाम म्हणून नोकरी धरली. नोकरी साधी होती. नमाज पढवायची, शिपायांना दीनच्या गोष्टी सांगायच्या.

काम फक्त नमाज पढवण्याचं

१८२६ साली मुहम्मद अली पाशाने चाळीसेक तरुणांना शिकण्यासाठी फ्रान्सला पाठवायचं ठरवलं. कुणी युद्धशास्त्र शिकायचं, कुणी जहाजबांधणी, कुणी वैद्यक, कुणी राज्यकारभार. पोरं परक्या मुलखात जाणार, तर नमाज-रोजा सुटू नये म्हणून बरोबर इमाम हवा. शेख अत्तार यांनी आपल्या शिष्याचं नाव सुचवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रिफाआ विद्यार्थी म्हणून गेलेच नव्हते. शिकणारे दुसरे होते, हे त्यांचे इमाम. फ्रेंच येवो न येवो, त्यांचा पगार कुणी कापणार नव्हतं. पाच वर्षं नमाज पढवून, खोलीत बसून परत आले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं.

पण निघताना उस्तादांनी एक सल्ला दिला होता. जे जे दिसेल ते लिहून ठेव, म्हणजे मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. शिष्याने हा सल्ला गाठीला बांधला.

मार्सेयचे आरसे

एप्रिल १८२६ मध्ये अलेक्झांड्रियाहून निघालेलं जहाज सुमारे महिन्याभराने फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागलं. उतरल्याबरोबर शहरात जाता आलं नाही. पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा साथीच्या भीतीने क्वारंटाईनमध्ये ठेवत. कोविडच्या काळात विमानतळावरून थेट हॉटेलात कोंडले गेलेल्या आपल्या लोकांना हा अनुभव समजावून सांगायला नको.

तिथेच नव्या जगाची पहिली ओळख झाली. जमिनीवर बैठक नाही, बसायला खुर्च्या. जेवायला उंच टेबल, प्रत्येकापुढे वेगळी ताटली, हाताऐवजी सुरी आणि काटा. झोपायला जमिनीपासून उंच पलंग. दस्तरख्वानावर एका थाळीत मिळून जेवणाऱ्या माणसाला हे सगळं नवं होतं. रिफाआ यांनी ना नाक मुरडलं ना ते भारावून गेले. त्यांनी ते लिहून घेतलं.

शहरात फिरायची मोकळीक मिळाल्यावर ते एका मोठ्या कॉफीखान्यात गेले. आत शिरले तर वाटलं, ही खोली नाहीच, हा भलामोठा रस्ता आहे, कारण जिकडे पाहावं तिकडे माणसांची ये-जा. मग समोरून स्वतःच चालत येताना दिसले, एक नव्हे, अनेक रिफाआ! तेव्हा कळलं की चारी भिंतींना आरसे आहेत. आपली ही फजिती त्यांनी पुस्तकात स्वतःहून लिहिली आहे. आलिम माणूस, पण आपल्या अडाणीपणावर हसायला लाजला नाही. नवं शहर बघायला निघालेल्या माणसाला हा गुण फार कामाला येतो.

मार्सेयमध्येच महिन्याभरात त्यांनी फ्रेंच अक्षरं शिकून घेतली.

चिठ्ठी दाखवा, मग बाहेर जा

पॅरिसमध्ये सगळ्यांना सुरुवातीला एकाच घरात ठेवलं होतं. देखरेखीला फ्रेंच विद्वान जोमार होते. हे नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेले. दिवसभर फ्रेंच, इतिहास, गणित, चित्रकला यांचे धडे. शिस्त कडक. जवळजवळ वर्षभर असा नियम होता की रविवारखेरीज रात्री-दिवसा कधीही बाहेर पडायचं नाही, आणि रविवारीही दरवानाला परवान्याची चिठ्ठी दिली तरच. शुक्रवार हा तिथे कामाचा वार. तेव्हा पॅरिसमध्ये मशीदही नव्हती. हे घर हीच मशीद आणि रिफाआ तिचे इमाम.

पुढे विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या शिक्षकांकडे ठेवलं, मोकळीक थोडी वाढली. मिळालेल्या त्या वेळात रिफाआ यांनी पॅरिसचं जे काही पाहिलं, त्याची यादी वाचून थक्क व्हायला होतं. पुस्तकालयं, दवाखाने, वेधशाळा, वनस्पतिबाग, नाटकगृहं, खाणावळी, बाजार, नदीवरचे पूल.

नुसतं पाहून ते थांबत नसत. हे चालतं कसं, असं विचारत. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी शिंपडण्याची साधी गोष्ट घ्या. कैरोत हे काम पखालीने होई, त्यात माणूसबळ जाई आणि वेळही. पॅरिसमध्ये त्यांनी पाहिलं की चाकांवर मोठं पिंप ठेवलेलं आहे, त्याला पाण्याच्या अनेक वाटा आहेत, घोडे ते ओढतात आणि बघता बघता मोठी जागा भिजून जाते. हे त्यांनी नीट लिहून ठेवलं, आणि कैरोत तर ऊन जास्त, तिथे याची गरज जास्त, अशी जोडही दिली.

नाटकगृहाबद्दल लिहिताना त्यांची पंचाईत झाली. अरबीत त्यासाठी शब्दच नव्हता. मग त्यांनी फ्रेंच शब्दच अरबी अक्षरांत लिहिला आणि वाचकाला समजावून सांगितलं की ही नुसती करमणूक नाही, हसवता हसवता लोकांना चांगलं-वाईट शिकवायची जागा आहे. वर्तमानपत्रांचंही तसंच. लहान-मोठा कुणीही आपलं म्हणणं त्यात छापू शकतो, जुलूम झाला तर चव्हाट्यावर आणू शकतो, याचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. पण त्यात खोटंही भरपूर असतं, हे सांगायला ते विसरले नाहीत. व्हॉट्सअॅपच्या काळात हे वाचताना आम्हाला गंमत वाटली.

डोळे उघडे, पाय जमिनीवर

परक्या शहरात गेलेल्या आपल्या माणसांचे दोन प्रकार सगळ्यांनी पाहिले आहेत. एक म्हणतो, तिथलं सगळं घाण, आपलंच बरं. दुसरा म्हणतो, तिथलं सगळं सोनं, आपल्याकडे काय आहे? रिफाआ या दोन्हींत बसत नाहीत.

पॅरिसची स्वच्छता, लोकांची कामसू वृत्ती, साध्या माणसालाही असलेली वाचनाची गोडी त्यांना आवडली. बाईची अब्रू तिच्या पडद्यावर नाही तर तिच्या तालमीवर, संस्कारांवर अवलंबून असते, असंही त्यांनी लिहिलं. त्या काळच्या अझहरी आलिमाने हे लिहिणं सोपं नव्हतं. दुसरीकडे तिथल्या लोकांचं दीनकडे दुर्लक्ष आणि अकलेलाच सगळं काही मानणं त्यांना पटलं नाही, तेही त्यांनी तितक्याच साफ शब्दांत सांगितलं. पॅरिसचे हमाम स्वच्छ, पण कैरोच्या हमामची सर त्यांना नाही. सेन नदी देखणी, पण चव नाईलच्या पाण्याची. वतनाची आठवण आली की ते शेर लिहीत.

त्यांची कसोटी एकच होती आणि ती त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकली. जे शरियतच्या विरोधात नाही ते चांगलं असेल तर घ्यायला हरकत नाही, मग ते कुणाचंही असो.

आणि हे शहर फक्त बागा-नाटकांचं नव्हतं. १८३० च्या जुलैमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत पॅरिसमध्ये क्रांती झाली. राजा दहाव्या चार्ल्सने वर्तमानपत्रांचा गळा दाबला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, तीन दिवस लढाई झाली आणि राजाला गादी सोडावी लागली. रिफाआ यांनी या घटनांचा सविस्तर हाल लिहिला. त्याआधी त्यांनी फ्रान्सची सनद, म्हणजे राज्यघटना, अरबीत आणली होती. कायद्यापुढे सगळे सारखे, कर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, ही कलमं त्यांनी आपल्या वाचकाला उलगडून सांगितली. जिथे राजाचा शब्द हाच कायदा होता, त्या मुलखातल्या माणसाने हे लिहायला धाडस लागतं.

त्याच जुलैमध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स घेतलं. ज्या शहरात रिफाआ इल्म शिकत होते, तेच शहर मुसलमानांच्या दुसऱ्या मुलखावर कब्जा करत होतं. तीही नोंद त्यांच्या पुस्तकात आहे. शिकायचं आहे म्हणून त्यांनी ती गोष्ट गाळली नाही.

पगार पुस्तकांत, नजर कागदात

हे सगळं फुकट झालं नाही. मिळणाऱ्या भत्त्यातून त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तकं घेतली आणि वेगळा शिक्षक लावला, कारण सरकारी शिकवणीत त्यांचं भागत नव्हतं. रात्ररात्र वाचून डावा डोळा अधू झाला. वैद्याने रात्रीचं वाचन बंद करायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, अभ्यास मागे पडेल म्हणून.

सुरुवातीला इमाम म्हणून आलेल्या या माणसाला मग भाषांतराचं शिक्षण घ्यायची रीतसर परवानगी मिळाली. माँतेस्किये, व्होल्तेर, रूसो त्यांनी मुळातून वाचले. अरबीचे मोठे फ्रेंच जाणकार सिल्व्हेस्त्र द सासी यांच्याशी त्यांची ओळख झाली. ऑक्टोबर १८३० मध्ये शेवटची परीक्षा झाली, तेव्हा परीक्षकांपुढे त्यांनी आपली बारा भाषांतरं ठेवली. भूगोल, इतिहास, खनिजं, युद्धशास्त्र, असे सगळे विषय. इमामत चालूच होती.

१८३१ साली ते मायदेशी परतले. सामानात पुस्तकं होती आणि आपल्या नोंदींचं हस्तलिखित होतं. १८३४ मध्ये कैरोजवळच्या बुलाकच्या छापखान्यात ते पुस्तक छापून झालं. प्रस्तावना उस्ताद अत्तार यांची. मुहम्मद अली पाशाला ते इतकं आवडलं की पुढे तुर्कीतही त्याचं भाषांतर निघालं. ‘तख्लीस अल-इब्रीझ’ हे त्याचं नाव. आजही ते छापलं जातं, वाचलं जातं.

सुट्टीत जे पाहिलं ते कामात आलं

पुढची चाळीस वर्षं रिफाआ यांनी या शिदोरीवर काम केलं. १८३५ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने कैरोत भाषा शिकवणारी शाळा उभी राहिली. तिथे फ्रेंच, तुर्की, अरबी, इतिहास, भूगोल शिकवत. त्यांच्या हाताखाली भाषांतरकारांची एक पिढीच तयार झाली. कायदा, वैद्यक, भूगोल, इतिहास यांची शेकडो पुस्तकं अरबीत आली. वर्तमानपत्राचं पॅरिसमध्ये कौतुक करणारा हा माणूस पुढे सरकारी वर्तमानपत्राचा संपादक झाला आणि त्यात अरबीला मानाची जागा मिळवून दिली.

घरातही त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. त्यांचं लग्न मामाची मुलगी करीमा हिच्याशी झालं होतं. ती हयात असेपर्यंत दुसरी बायको करणार नाही, लौंडी ठेवणार नाही, असं त्यांनी तिला स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तो कागद आजही चर्चेत असतो.

मग वाईट दिवस आले. नवा सत्ताधीश अब्बास पाशा याला या शाळा, ही भाषांतरं नको होती. भाषांची शाळा बंद झाली आणि १८५० साली रिफाआ यांना सुदानमध्ये खार्तूमला पाठवलं. नाव दिलं तिथली प्राथमिक शाळा चालवण्याचं, पण ती हद्दपारीच होती. पॅरिसला ते हौसेने गेले होते, खार्तूमला धाडले गेले. हवा मानवेना. बरोबर पाठवलेल्यांपैकी काही सोबती तिथेच दगावले. या शहरावर त्यांचं मन कधी बसलं नाही, त्यांच्या तिथल्या शेरांत कडवटपणा आहे. तरी हात रिकामा ठेवला नाही. तिथल्या मुलांना शिकवलं आणि फेनेलाँ या फ्रेंच लेखकाची प्रसिद्ध कादंबरी ‘तेलेमाक’ अरबीत आणली. कादंबरीचा विषयही असा की राज्यकर्त्याने न्यायाने कसं वागावं. अब्बास पाशा १८५४ मध्ये मारला गेला, तेव्हा कुठे ते कैरोला परतू शकले.

उतारवयात त्यांनी दोन मोठी कामं केली. १८७० मध्ये शिक्षणाला वाहिलेलं ‘रौदत अल-मदारिस’ हे नियतकालिक हाती घेतलं. आणि मुलगे व मुली दोघांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. मुलीला इल्म द्या, ती संसार चांगला करेल, नवऱ्याशी बरोबरीने बोलेल आणि गरज पडली तर आपल्या ताकदीप्रमाणे कामही करेल, हे त्यांचं म्हणणं. १८७३ मध्ये कैरोत मुलींची पहिली सरकारी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी २७ मे रोजी रिफाआ अल-तहतावी अल्लाहला प्यारे झाले.

ज्या पॅरिसमध्ये त्यांना नमाजेसाठी राहत्या घराचाच आधार होता, तिथे १९२६ साली मोठी मशीद बांधून झाली. बरोबर शंभर वर्षांनी. ती आहे त्या वनस्पतिबागेच्या समोर, जिचं वर्णन त्यांनी आपल्या पुस्तकात केलं होतं.

आपल्यासाठी

कॅम्पात राहून बारा तास राबणाऱ्या पोराने पुस्तक लिहावं, असं आम्ही म्हणणार नाही. रिफाआ सरकारी खर्चाने गेले होते, आपली मुलं कर्ज काढून जातात. दोघांची बरोबरी होत नाही. पण रविवारची ती चिठ्ठी आणि शुक्रवारची आपली सुट्टी यांत काहीतरी सारखं नक्की आहे. कामाचे तास मालकाचे. मोकळा दिवस आपला. त्या दिवशी एखादी वस्ती, एखादं संग्रहालय, एखादं पुस्तकालय बघायला, तिथल्या लोकांची भाषा चार वाक्यं का होईना शिकायला, फार पैसे लागत नाहीत.

इथे घरी असलेल्यांनीही एक करावं. परदेशातल्या मुलाचा, भावाचा, शौहरचा फोन आला की पैसे कधी पाठवतोस, येताना काय आणशील, हे आपण विचारतोच. त्याबरोबर या शुक्रवारी कुठे गेला होतास, काय नवीन पाहिलंस, हेही विचारा. शेख अत्तार यांनी त्या तरुण इमामाला लिहून ठेव म्हणून सांगितलं नसतं, तर ते पुस्तक आज आपल्या हाती नसतं.